टोपीतून निघालेला धूर

सासवडच्या बाजूला एका गावात मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर पाच म्हातारे ओळीने बसले होते. मागे करड्या दगडाची भिंत, अंगात पांढरे सदरे, डोक्यावर पांढऱ्या टोप्या. मी फोटो काढला, रोल घरीच धुतला आणि पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन दिला. त्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाबांनी तो हात लांब करून पाहिला आणि विचारलं, "काय हो, आमी काय चिलीम ओढत हुतो काय?"

प्रश्न रास्त होता. प्रत्येक टोपीपासून एक काळसर पट्टा निघून भिंतीवर सरळ वर चढत होता. पाच टोप्या, पाच पट्टे. चेहरेही जरा काळवंडलेले होते, पण तो दोष मी घर सोडतानाच दुपारच्या उन्हावर ढकलून मोकळा झालो होतो. धुराचं खापर मात्र उन्हावर फोडता येईना. भिंतीवर तसे डाग नव्हते, हे मी परत जाऊन पाहिलं. म्हणजे धूर गावात नव्हता. तो माझ्या न्हाणीघरात, प्लॅस्टिकच्या टँकमध्ये तयार झाला होता.

तो रोल मी ‘स्टँड’ पद्धतीने धुतला होता. कृष्णधवल फिल्म घरी धुणाऱ्या हौशी मंडळींत ही पद्धत फार लोकप्रिय आहे, कारण ती ऐकायला आळशी माणसाचं स्वप्न वाटते. डेव्हलपर खूप पातळ करायचा, टँकमध्ये ओतायचा, एक तास हात लावायचा नाही. तेवढ्यात जेवून घ्यावं. काम बहुधा छान होतं. जेव्हा होत नाही, तेव्हा नेमकं काय बिघडलं हे कळायला टँकच्या आत डोकवावं लागतं.

पाच अणूंची खूण

फिल्मवर जिलेटीनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, बारीक स्फटिक विखुरलेले असतात. फोटो काढताना प्रकाश पडला की एखाद्या स्फटिकात चार-पाच अणूंएवढी शुद्ध चांदी सुटी होते. एवढीशी खूण कुठल्याच डोळ्याला दिसणार नाही. तिला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपरचं काम ही खूण हुडकण्याचं. ज्या स्फटिकावर ती आहे, तो स्फटिक डेव्हलपर आख्खा चांदीत बदलतो, म्हणजे चार-पाच अणूंच्या जागी अब्जावधी अणू. ज्यावर खूण नाही, तो तसाच राहतो आणि नंतर फिक्सरमध्ये विरघळून जातो.

ही सुटी झालेली चांदी काळी दिसते. म्हणून निगेटिव्हवर सारं उलटं: पांढरी टोपी काळी, काळी सावली पारदर्शक. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा की निगेटिव्हवर काळं ते प्रिंटमध्ये पांढरं.

या कामात दोन गोष्टी घडतात. डेव्हलपर खर्ची पडतो आणि उरलेला कचरा तिथेच साचतो. सिल्व्हर ब्रोमाइडमधली चांदी काढून घेतली की ब्रोमाइड मोकळं होऊन पाण्यात उतरतं. हे ब्रोमाइड डेव्हलपरच्या कामात खोडा घालतं. इतका, की डेव्हलपरचा जोर आवरण्यासाठी काही वेळा ते मुद्दाम घालतात.

वाढपी नसलेली पंगत

आता एक पंगत डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत आडदांड खाणारे बसलेत, दुसऱ्या ओळीत चिमणीसारखे टिपणारे. प्रत्येकाच्या पानात सारखंच वाढलंय. वाढपी सतत फिरत राहिला, तर आडदांड मंडळी मागून मागून खात राहतील आणि चिमण्या मागेच राहतील. पण वाढपी एकदाच वाढून गेला आणि तासभर फिरकलाच नाही तर? आडदांड पान चाटून-पुसून रिकामं करून बसतील. चिमण्यांच्या पानात अजून भात आहे, त्या सावकाश टिपत राहतील. तासाभराने दोघांच्या जेवणातलं अंतर बरंच कमी झालेलं असेल.

टँक हलवणं म्हणजे वाढपी फिरवणं. नेहमीच्या पद्धतीत दर मिनिटाला टँक उलटासुलटा करतात, त्यामुळे फिल्मच्या पृष्ठभागावर सतत ताजा डेव्हलपर येत राहतो. स्टँड पद्धतीत तो येत नाही. टोपीसारख्या उजळ भागात स्फटिक पुष्कळ जागे झालेले असतात. तिथला डेव्हलपर भराभर संपतो, वर ब्रोमाइड साचतं आणि काम मंदावतं. छत्रीखालच्या, पडवीतल्या अंधाऱ्या भागात थोडंच काम असतं, तिथला डेव्हलपर पुरतो आणि तासभर हळूहळू तपशील काढत राहतो. कडक उन्हातल्या दृश्यात आकाश जळत नाही आणि सावल्याही बुजत नाहीत, ते या उपासमारीमुळे.

तिचा आणखी एक गुण आहे. उजेड आणि अंधार जिथे एकमेकांना भिडतात, त्या रेषेवर अंधाऱ्या बाजूचा न वापरलेला डेव्हलपर उजळ बाजूकडे झिरपतो आणि तिथली कड जरा जास्त गडद करतो. उलट उजळ बाजूचं ब्रोमाइड अंधाऱ्या बाजूकडे झिरपून तिथली कड फिकी करतं. प्रिंटमध्ये ही सीमारेषा खोदल्यासारखी दिसते. तिला मॅकी रेषा म्हणतात आणि तिच्यापायी स्टँडचे चाहते जीव टाकतात. माझं मत विचाराल तर थोडी असली की छान, पण डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसू लागली की तो फोटो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा वाटतो.

धूर वर का गेला?

साखर घालून न ढवळलेलं लिंबू-सरबत प्या. वरचा घोट आंबट, तळाचा गोडमिट्ट. विरघळलेल्या पदार्थाने पाणी जड होतं आणि जड पाणी खाली बसतं. टोपीवर साचलेलं ब्रोमाइडयुक्त पाणीही तसंच जड. हलवलं नाही तर ते फिल्मच्या अंगावरून सावकाश खाली ओघळतं आणि ज्या वाटेने ओघळतं, तिथलं डेव्हलपिंग मंद करत जातं. निगेटिव्हवर तिथे फिका पट्टा उमटतो, प्रिंटमध्ये काळसर. याला ब्रोमाइडचा ओघळ म्हणू. स्टँड पद्धतीतला हा सगळ्यांत कुप्रसिद्ध दोष, आणि त्याचं मूळ तिच्या गुणात आहे. आडदांडांची पानं रिकामी राहिली म्हणून फोटो सुधारला, पण त्यांच्या खरकट्याचा ओघळ शेजारच्या पानात गेला.

मग पट्टे खाली न जाता वर का चढले? मी दोन दिवस यावर डोकं खाजवत होतो. उत्तर अगदी साधं निघालं. टँकमध्ये रीळ उभं असतं, म्हणजे फिल्मची एक लांब कड तळाकडे आणि दुसरी झाकणाकडे. आडव्या फोटोत माणसांची डोकी यांपैकी कुठल्या कडेला येतील, हे फिल्म रिळावर कुठल्या टोकाने चढवली आणि रीळ टँकमध्ये कुठल्या बाजूने ठेवलं त्यावर ठरतं. माझे पाचही म्हातारे त्या तासभर शीर्षासनात होते. ब्रोमाइड खालीच वाहिलं, फक्त त्यांचं ‘खाली’ म्हणजे भिंतीचा वरचा भाग होता. पांढऱ्या सदऱ्यांवरचं ब्रोमाइडही डोक्यांच्या दिशेने उतरलं आणि वाटेत चेहरे लागले. उन्हाची मी नंतर मनातल्या मनात माफी मागितली.

यावरून एक सवय लागली. उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगमध्ये रीळ टँकमध्ये ठेवताना कुठली बाजू खाली गेली ते बोटाने ओळखता यावं म्हणून रिळाच्या एका चकतीवर मी रबरबँड गुंडाळून ठेवतो. पट्टा दिसला की तो खालच्या दिशेने गेलाय का ते पडताळता येतं. गेला असेल तर ब्रोमाइड. पट्टे फिल्मच्या कडेच्या छिद्रांसमोर, छिद्रांइतक्याच अंतराने आणि निगेटिव्हवर गडद असतील तर दोष उलटा: टँक फार जोरात हलवला, छिद्रांतून डेव्हलपरच्या चिळकांड्या उडाल्या आणि तिथे जास्त काम झालं. पहिल्या दोषावर उपाय म्हणून नवखा माणूस टँक जोरजोरात हलवायला लागतो आणि दुसऱ्या दोषात जाऊन पडतो.

अर्ध्या तासाची एक फेरी

ओघळावर मला पटलेला उपाय म्हणजे वाढप्याला अगदीच सुट्टी न देणं. सुरुवातीला पहिलं मिनिट टँक सावकाश उलटासुलटा करायचा. मग अर्धा तास स्वस्थ. तिसाव्या मिनिटाला दोनदा हळुवार उलटा करायचा आणि पुन्हा अर्धा तास स्वस्थ. मधल्या त्या फेरीने साचलेलं ब्रोमाइड पसरतं, ओघळाची वाट मोडते आणि उपासमारीचा गुण बराचसा टिकतो. याला अर्ध-स्टँड म्हणतात. शुद्धतावादी नाक मुरडतात. माझ्या भिंती तेव्हापासून स्वच्छ आहेत.

सुरुवातीचं मिनिट कंजूषपणे उरकू नये. जिलेटीन भिजताना पहिल्या काही क्षणांत जिथे डेव्हलपर आधी पोचला तिथे काम आधी सुरू होतं, आणि नंतर ढवळायचंच नसल्यामुळे ती असमानता पुसायला कुणी येत नाही. साध्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं फिल्म आधी भिजवली तर हा धोका कमी होतो. ते पाणी ओतून टाकताना हिरवं-निळं किंवा जांभळं आलं तर घाबरू नका. तो फिल्मवरचा रंग असतो, प्रतिमा वाहून जात नसते. पहिल्यांदा मी मात्र घाबरलो होतो.

त्याच मिनिटात टँकचं बूड ओट्यावर दोन-चारदा आपटायचं. एखादा बुडबुडा फिल्मला चिकटून राहिला तर त्याच्याखाली तासभर डेव्हलपर पोचतच नाही. निगेटिव्हवर स्वच्छ गोल ठिपका, प्रिंटमध्ये काळा. नेहमीच्या पद्धतीत पुढच्या हलवण्यात बुडबुडा सुटतो. इथे तो मुक्कामाला राहतो.

╔══════════════════
एका ३५ मिमी रोलसाठी माझं प्रमाण
डेव्हलपर: रॉडिनल ५ मिलि + पाणी ५०० मिलि (१+१००), २०° से.
आधी: साध्या पाण्यात ५ मिनिटं
पहिलं मिनिट: सावकाश उलटसुलट, मग बूड आपटणं
३० व्या मिनिटाला: दोन हळुवार फेऱ्या
६० व्या मिनिटाला: ओतून टाकणं, पाण्याने खळबळणं, फिक्सर
टँक पूर्णवेळ पाण्याच्या बादलीत
╚══════════════════

पाच मिलिलिटरचा हिशेब

चौकटीतलं रॉडिनल हे नाव जुनं आहे. बर्लिनच्या आग्फा कंपनीत मॉम्मे आंद्रेसेन या रसायनतज्ज्ञाने १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आग्फाचा फिल्म-व्यवसाय २००५ मध्ये दिवाळखोरीत गेला, पण हा डेव्हलपर आजही बाजारात मिळतो. त्यातला मुख्य घटक पॅरा-ॲमिनोफेनॉल, म्हणजे आपल्या तापाच्या पॅरासिटामॉलचा सख्खा चुलत भाऊ. काही खटपटे लोक गोळ्यांपासूनच तो घरी तयार करतात. त्यात कॉस्टिक सोडा लागतो, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही आणि घरात लहान मुलं असतील तर तुम्हीही जाऊ नये. तयार अर्क वर्षानुवर्षं टिकतो. काळाकुट्ट झाला तरी बहुधा चालतो.

नेहमीच्या वापरात हाच डेव्हलपर १+५० असा घेतला तर ४०० आयएसओच्या फिल्मला सुमारे ११ ते १३ मिनिटं लागतात. १+१०० मध्ये तो निम्म्याने पातळ. इथे एक खाच आहे, आणि फिक्या, मरगळलेल्या निगेटिव्हचं कारण पुष्कळदा तीच असते. लहान टँकमध्ये एका रोलला ३०० मिलि पुरतं, म्हणून लोक ३ मिलि अर्क घेतात आणि प्रमाण बरोबर आहे म्हणून निश्चिंत होतात. प्रमाण बरोबर असेलही, पण पंगतीला एकूण भातच कमी पडला त्याचं काय? फिल्मच्या क्षेत्रफळाला लागणारा डेव्हलपर मोजून लागतोच, तो कितीही पाण्यात कालवा. पाणी वाढवा, मोठा टँक घ्या, पण एका रोलमागे अर्क ५ मिलिच्या खाली नेऊ नका. मोजायला औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज उत्तम. चमच्याने मोजणाऱ्याने तक्रार करू नये.

एकावर एक दोन रिळं ठेवली तरी हाच हिशेब दुप्पट होतो. शिवाय जड पाणी तळाशी बसत असल्यामुळे खालच्या रिळाचे जास्त हाल होतात. रोल एकच असेल तर मी तळाशी रिकामं रीळ आणि वर भरलेलं ठेवतो. अर्थात डेव्हलपर दोन्ही बुडतील एवढा घालून.

बादली, माठ आणि मे महिना

स्टँडमध्ये तापमानाला महत्त्व नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. डेव्हलपर शेवटी संपून थकणारच असेल, तर एखाद्या अंशाने फरक पडत नाही. पण हे बोलणारा माणूस बहुधा थंड देशात राहतो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३५° च्या घरात असतं. मी २०° चं द्रावण करून टँक ओट्यावर ठेवला तर तासाभरात ते खोलीच्या उष्णतेने कुठच्या कुठे पोचतं. नेहमीच्या डेव्हलपिंगमध्ये २०° ला १० मिनिटं लागत असतील तर २४° ला सुमारे ७ पुरतात. इथे तर तासभर चाललेलं काम आहे.

उष्णतेत प्रकाश न पडलेले स्फटिकही हळूहळू चुकून जागे होऊ लागतात. फिल्मवर सगळीकडे करडा पडदा चढतो, त्याला फॉग म्हणतात. दही लावताना हाच अनुभव येतो. भांडं हलवायचं नाही हे खरं, पण उन्हाळ्यात ते ओट्यावर विसरलं तर सकाळी आंबट ढोण. जुन्या, मुदत संपलेल्या फिल्मवर हा पडदा आणखी दाट येतो, तिला तास जास्तच होतो. फॉग ओळखायला फिल्मची कड पाहावी. एक सावधगिरी: ३५ मिमीच्या बऱ्याच कृष्णधवल फिल्मचा पायाच मुळात करडा असतो, तो फॉग नव्हे. त्याच जातीची बाहेरून धुऊन आणलेली एखादी चांगली निगेटिव्ह शेजारी धरून तुलना करा.

उपाय घरात असतो. बादलीत माठाचं पाणी घ्यायचं, लागला तर बर्फाचा एखादा खडा, आणि टँक गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचा. बादलीभर पाणी अर्ध्या लिटरसारखं पटकन तापत नाही. पुढे फिक्सर आणि धुण्याचं पाणीही तेवढ्याच तापमानाचं हवं. थंड जिलेटीनवर एकदम तापलेलं पाणी पडलं तर थर सुरकुतून त्याची जाळी होते, आणि ती कशानेही जात नाही.

कडेची अक्षरं आधी वाचा

फिल्म टँकमधून काढली आणि कोरी निघाली, की माणूस आधी डेव्हलपरला शिव्या देतो. त्याआधी कडेकडे पाहा. कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे फिल्मवर कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. ते तुमच्या कॅमेऱ्यातून गेलेले नसतात, पण तुमच्या डेव्हलपरमधून जातात. म्हणजे हे फुकटचे साक्षीदार आहेत.

अक्षरं ठळक आणि फोटो कोरे: डेव्हलपर निर्दोष. कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. अक्षरंही गायब: डेव्हलपर मेलेला, घालायचा राहिलेला, नाहीतर बाटल्यांची अदलाबदल होऊन फिक्सर आधी गेलेला. अक्षरं फिकी आणि फोटोही फिके: अर्क कमी पडला. अक्षरं ठळक, फोटो फिके आणि सावल्या रिकाम्या: फोटो काढतानाच प्रकाश कमी दिला होता. या शेवटच्या दोषावर स्टँड हे औषध नव्हे, जरी तसा प्रचार पुष्कळ असला तरी. ज्या स्फटिकावर खूणच पडली नाही, तिथे डेव्हलपर तासभर बसला काय आणि रात्रभर बसला काय.

फिल्म दुधाळ किंवा धुरकट वाटली तर फिक्सर अपुरा. त्याचा दोष तासभराच्या बैठकीवर येतो, पण त्यात त्या बिचारीचा काही हात नसतो. फिल्म पुन्हा फिक्सरमध्ये टाकली की बहुधा निवळते. फिक्सर जिवंत आहे का हे आधीच पाहावं: रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा उजेडात त्यात बुडवायचा, पारदर्शक व्हायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची.

वाळल्यावर दिसणारे पांढरट थेंबांचे डाग हे तर निव्वळ पाण्याचे. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्या पाण्याने किटलीत खडे धरतात, मग फिल्मवर का धरणार नाहीत? डेव्हलपर कालवायला आणि शेवटच्या खळबळण्याला मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतो. पाच लिटरचा कॅन महिनोन् महिने पुरतो.

पुन्हा ओट्यावर

पुढच्या महिन्यात मी परत गेलो. पाचांपैकी चौघे होते, एक मुलीकडे गेले होते. त्याच भिंतीपुढे, त्याच टोप्यांत एक आख्खा रोल काढला. घरी चेंजिंग बॅगमध्ये तो मधोमध कापला. पहिला अर्धा जुन्या पद्धतीने, तासभर हात न लावता. दुसरा मधल्या फेरीसकट. दोन्ही अर्ध्यांत रीळ या वेळी मुद्दाम असं ठेवलं की डोकी झाकणाकडे येतील.

पहिल्या अर्ध्यात भिंत स्वच्छ आली, पण सदऱ्यांचे काळे ओघळ मांड्यांवरून उतरून ओट्याच्या दगडावर आले होते, कुणी पाणी सांडल्यासारखे. दुसऱ्या अर्ध्यात दगड कोरडा होता. मी दोन्ही प्रिंट नेले. बाबांनी पहिला पाहिला, दुसरा पाहिला, पहिला माझ्या हातात परत दिला आणि दुसरा घडी न घालता सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवला.